मेरी पार्कर फॉलेट

अधिकार गाजवावा की वाटून घ्यावा, हा प्रश्न प्रत्येक कचेरीत नित्य उभा राहतो. त्याचा मूलगामी विचार करणाऱ्या या विदुषीचा जन्म १८६८ साली अमेरिकेतील क्विन्सी येथे झाला. १८९८ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी घेऊन त्यांनी बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात दीर्घकाळ समाजकार्य केले. एकदा ग्रंथालयात शेजाऱ्याला खिडकी उघडी हवी होती, त्यांना मात्र अंगावर वारा नको होता. पलीकडच्या खोलीची खिडकी उघडताच दोघांचेही समाधान झाले. कोणालाही न नमविता मतभेद मिटतात, हुकूम व्यक्तीचा नव्हे तर परिस्थितीचा असावा, हे त्यांनी व्यवसायक्षेत्रातील मंडळींपुढे व्याख्यानांतून मांडले. १९३३ मध्ये त्या निवर्तल्या. खुर्चीवरून आज्ञा सोडणाऱ्याने त्यांचे स्मरण ठेवावे.