डॉ. सलीम अली : घरट्याकडे बघत राहिलेला माणूस



आपल्या राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ तारखेला डॉ. सलीम अली यांचा. या आठवड्यात शाळेत चित्रं निघतात, घोषवाक्यं होतात, आणि बऱ्याच ठिकाणी लेकरं खोक्याची, लाकडाची घरटी करून शाळेच्या आवारात किंवा जवळच्या बागेत टांगतात. फोटो निघतो. पुढे त्या घरट्यात कोणी आलं का, पिल्लं जगली का, हे सहसा कोणी पाहत नाही. म्हणून या वेळी सलीम अलींचं चरित्र घरट्यांच्या अंगाने सांगत आहे. वर्गात गोष्ट म्हणून सांगता येईल आणि बागेत गेल्यावर कामालाही येईल.

पोरकं बालपण आणि छर्‍याची बंदूक

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना खेतवाडीच्या आपल्या घरी वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन होते. घरात मोठ्या शिकाऱ्यांच्या गोष्टी चालायच्या. सलीमलाही छर्‍याची एक छोटी बंदूक मिळाली आणि तो चिमण्या मारू लागला.

आता तुम्ही म्हणाल, पक्ष्यांचा एवढा मोठा अभ्यासक आणि सुरुवात चिमण्या मारण्यातून? मुलंही हाच प्रश्न विचारतील. तो टाळू नका. जे घडलं ते सरळ सांगा.

नऊ-दहा वर्षांच्या सलीमने केलेली एक नोंद पुढे फार प्रसिद्ध झाली. तबेल्याच्या भिंतीतल्या एका भोकात चिमणीने घरटं केलं होतं. मादी आत अंड्यांवर बसलेली आणि नर बाहेर खिळ्यावर पहारा देत बसलेला. सलीमने त्या नराला टिपलं. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर हजर! तोही टिपला. मग तिसरा आला. सात दिवसांत त्याने त्याच जागेवर आठ नर मारले, आणि प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला. त्या वेळी हा त्याच्यासाठी शिकारीचा हिशेब होता. पण साठेक वर्षांनी ती नोंद छापली गेली, तेव्हा अभ्यासकांना तिचं मोल कळलं. एका भोकासमोर सात दिवस बसून जे दिसलं ते जसंच्या तसं लिहून ठेवणं ही सवय त्या वयापासून होती.

एक वेगळी चिमणी

अशातच एक दिवस त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे. खायला चालेल की नाही, हे विचारायला तो मामांकडे गेला. मामांनाही ती ओळखता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवलं.

शिक्षक मित्रांनो, इथे जरा थांबू. एक लहान पोरगा हातात मेलेली चिमणी घेऊन एका इंग्रज साहेबासमोर उभा आहे. साहेबाने हाकलून दिलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. मिलार्डसाहेबांनी ती चिमणी ओळखली, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली, नमुने कसे जतन करायचे तेही शिकवलं. एका मोठ्या माणसाने एका मुलाच्या प्रश्नाला दिलेला वेळ पुढे देशाला केवढा उपयोगी पडला, बघा.

ती होती रानचिमणी, म्हणजे पिवळ्या गळ्याची चिमणी. आपल्या वऱ्हाडातल्या वावरांच्या कडेला, जुन्या झाडांवर ती आजही दिसते. तीही ढोलीत घरटं करते. लक्षात ठेवा, या मुद्द्याकडे आपण परत येणार आहोत.

शाळेत मागे, नोकरीत बाहेर

सलीम अली शाळेत हुशार गणले जात नव्हते. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीने शाळा वारंवार सुटली. १९१३ मध्ये ते जेमतेम मॅट्रिक झाले. कॉलेज अर्धवट सोडून घरच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा पाहायला ब्रह्मदेशात गेले. तिथं धंद्यापेक्षा रानातल्या पक्ष्यांकडेच त्यांचं लक्ष जास्त. १९१७ मध्ये परत आले, हिशेबाचं शिक्षण घेतलं आणि जोडीने प्राणिशास्त्रही शिकले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

पदवी नसल्याने सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगायची नोकरी लागली, पगार महिन्याला ३५० रुपये. १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझमान या नामवंत पक्षीशास्त्रज्ञाकडे शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तर पैसे नाहीत म्हणून म्युझियमने ती जागाच रद्द केलेली! हाताशी जर्मनीत मिळवलेलं शिक्षण होतं, पण नोकरी नव्हती.

किहीमच्या सुगरणी

मग दोघं नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. पावसाळ्यात तिथं झाडांवर सुगरणींची वसाहत भरली होती. सलीम अली दिवसचे दिवस त्यांच्याकडे पाहत बसले.

सुगरणीची घरटी आपल्याकडच्या लेकरांना ओळखीची. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लोंबतात तीच. पण नावामुळे आपल्याला वाटतं की घरटं मादी विणते. प्रत्यक्षात ते नर विणतो. घरटं अर्ध झालं की माद्या पाहणीला येतात. आत शिरतात, ओढून बघतात, नाही पटलं तर निघून जातात. एखादीने पसंत केलं तरच नर ते पुढे नेतो, खाली लांब नळी जोडून पूर्ण करतो. ती अंडी घालून उबवायला बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. जी घरटी कोणालाच पसंत पडत नाहीत, ती अर्धवटच लोंबत राहतात.

या निरीक्षणावरच्या लेखाने सलीम अलींचं नाव अभ्यासकांत झालं. लोक शेकडो वर्षं ती घरटी पाहत होते. त्यांच्यासमोर चिकाटीने बसून वही भरणारा हा माणूस वेगळा निघाला.

पुढे त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांत पक्ष्यांची पाहणी केली. बैलगाडीने, पायी, तंबूत राहून. तेहमिना या कामात बरोबर असत. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक आलं आणि सामान्य माणसाला पक्षी ओळखता येऊ लागले. डिलन रिप्ले यांच्यासोबतचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात निघाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. भरतपूरचं पाणथळ वाचावं म्हणून ते झटले. १९८५ मध्ये आत्मचरित्र आलं, त्याच्या नावातही चिमणीच आहे. त्याच वर्षी ते राज्यसभेवर नेमले गेले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मग आपल्या बागेतलं घरटं रिकामं का?

आता रानचिमणीकडे परत येऊ. पक्ष्यांचे दोन गट मुलांना फळ्यावर लिहून द्या. पहिला गट ढोलीत, भोकात राहणारा : चिमणी, रानचिमणी, दयाळ, साळुंकी, राघू, पिंगळा. आपल्या मेळघाटातला रानपिंगळाही याच गटात. १८८४ नंतर शंभराहून जास्त वर्षं त्याची खात्रीची नोंद नव्हती. सलीम अलींच्या हयातीत तो हरवलेलाच मानला जाई. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ सापडला आणि नंतर मेळघाटात दिसला. दुसरा गट उघड्यावर स्वतः घरटं बांधणारा : बुलबुल, होला, शिंपी, सूर्यपक्षी, सुगरण. आपण टांगलेल्या पेटीत पहिल्या गटातलेच पक्षी येऊ शकतात. बुलबुलासाठी पेटी टांगून काही उपयोग नाही, त्याला दाट झुडूप हवं.

माणसाने दिलेल्या घरावर पक्षी किती विसंबू शकतो, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथं पर्पल मार्टिन नावाचा पाकोळीच्या कुळातला पक्षी आहे. पूर्वी तिथले मूळ रहिवासी त्याच्यासाठी पोकळ भोपळे टांगत. आज अमेरिकेच्या पूर्व भागात हा पक्षी जवळजवळ पूर्णपणे माणसांनी उभारलेल्या घरांतच पिल्लं काढतो. बागांत, तळ्याकाठी खांबावर त्याची घरं असतात आणि ती सांभाळणाऱ्यांना तिथं घरमालक म्हणतात. हे घरमालक हंगामभर घरं तपासतात, पिल्लं मोजतात, हंगाम संपला की घरं धुतात. गंमत म्हणजे त्यांची मोठी डोकेदुखी आहे बाहेरून तिथं नेलेली आपली चिमणी! ती मार्टिनची घरं बळकावते. म्हणून कोणता पक्षी कुठं हवा, हेही पाहावं लागतं.

आपल्याकडे धोका वेगळा आहे, तो उन्हाचा. मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांपर्यंत आणि काही वर्षी त्याच्याही वर जातो. पत्र्याचा डबा किंवा प्लास्टिकची बाटली उन्हात टांगली तर आतली पिल्लं भाजून मरतात. आपण प्रेमाने केलेलं घर त्यांच्या जिवावर उठतं. म्हणून वडाळीच्या बागेत, अकोल्याच्या नेहरू पार्कात किंवा शाळेत घरटं लावणार असाल तर आधी परवानगी घ्या आणि एवढं सांभाळा :

१. पेटी जाड लाकडाची किंवा मातीची असावी. आतून रंग नको. तळाला पाणी निघायला बारीक छिद्रं हवीत.

२. चिमणीसाठी दार सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास पुरे. त्याहून मोठं केलं तर साळुंकी आत शिरते. दाराखाली बसायची काडी लावू नका, तिचा फायदा कावळ्याला आणि मांजरीला होतो.

३. उंची आठ-दहा फूट, जागा दिवसभर सावलीची. दार पश्चिमेला आणि पावसाच्या झोताला नको. झाडाला खिळा ठोकू नका, तार आवळू नका.

४. अंडी-पिल्लं असताना पेटी उघडू नका, हात लावू नका. लांबून बघा.

५. वर्षातून एकदा, पेटी रिकामी आहे याची खात्री करून, जुनं गवत काढा. घरच्या दिवाळीच्या साफसफाईसोबत हे काम ठेवलं की लक्षात राहतं.

६. चिमणीच्या पिल्लांना अळ्या-किडे लागतात, नुसत्या तांदळावर ती वाढत नाहीत. बागेच्या एका कोपऱ्यात औषध फवारू नका, अशी माळीदादांना विनंती करा.

वर्गासाठी उपक्रम

चाळीस मुलांनी चाळीस घरटी करण्यापेक्षा वर्गाने मिळून दोनच चांगली करावी. प्रत्येक घरट्याला एक वही द्या. चार-चार मुलांचा गट, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं लांब बसून पाहणी. तारीख, वेळ, कोण आलं, चोचीत काय होतं, आत गेलं की नुसतं डोकावून गेलं. काही दिसलं नाही तर तसंच लिहायचं. मुलं खोटं लिहीत नाहीत, आपण त्यांना रिकामी नोंद चालते एवढं सांगितलं की झालं.

वर्षभर कोणीच आलं नाही तर मुलं खट्टू होतील. तेव्हा त्यांना किहीमची सुगरण आठवून द्या. ज्या नराचा जन्मच विणण्यात जातो, त्याचंही घरटं मादी नाकारते आणि तो पुन्हा विणायला घेतो. आपणही पेटी उतरवून जागा बदलू, सावली तपासू, दाराचं माप बघू. सुट्टीत वही कोणाकडे राहील आणि मे महिन्यात घरट्याकडे कोण जाईल, हे एप्रिलमध्येच पालकसभेत ठरवून घ्या. शाळेजवळ राहणारा एखादा पालक हे काम आनंदाने करतो.

तुमच्या शाळेच्या वहीत पहिली नोंद कोणत्या पक्ष्याची झाली, ते जरूर कळवा.