चांद्याची राणी हिराई

आमच्या आरमोरीजवळचा वैरागड ज्या चांद्याच्या गोंड राज्यात मोडत असे, त्या राज्याची ही राणी. तिच्या कन्येचा देवगडास सासरी अपमान झाला, तेव्हा राजा बीरशहाने युद्ध करून जावयाचा शिरच्छेद केला. पुढे पुत्र नाही म्हणून राजाने दुसरा विवाह योजिला. त्याच प्रसंगी हिरामण नामक रजपुताने त्यास ठार केले, अशी परंपरा आहे. साल साधारणतः १७०४ धरतात.

ज्या लग्नाने घरी सवत यावयाची, त्याच लग्नात वैधव्य आले! गादीस वारस नाही. राणीने शोकात दिवस दवडले नाहीत. आप्तांपैकी रामशहा यास दत्तक घेऊन तो वयात येईपर्यंत कारभार तिने स्वतः पाहिला. आजचे महाकाली मंदिर तिनेच बांधविले. आणि अचलेश्वराजवळच्या राजसमाध्यांत सर्वांत भव्य आहे ती तिने उभारलेली बीरशहाची. त्या पतीविषयी तिच्या मनात काय होते, हे विचारण्याचा अधिकार आम्हांस नाही.

रामशहा सात्त्विक निघाला. नागपूरकर रघूजी भोसले चांद्यास आले ते त्यास पाहून न लढताच परतले, असे सांगतात. चांदा भोसल्यांकडे गेला तो १७५१ साली, रामशहाच्या पुत्राच्या कारकिर्दीत.