गोल्डन टाइप: चोपन्नाव्या वर्षी फॉन्टच्या नादी लागलेला विल्यम मॉरिस

फॉन्टच्या यादीत जुन्या पोथीचा फील देणारं काही शोधलं, की जाडसर अंगाची, ठसठशीत सेरिफची अक्षरं हमखास समोर येतात. मला ती आवडतात, म्हणून त्यांचं मूळ शोधलं आणि पोचलो विल्यम मॉरिसपर्यंत.

मॉरिसचा जन्म १८३४ चा, लंडनजवळच्या वॉल्थमस्टोचा. कविता, वॉलपेपर, छापील कापड, समाजवादी भाषणं, या माणसाने काय नाही केलं! पण आपल्या कामाची गोष्ट सुरू होते १५ नोव्हेंबर १८८८ ला. त्या संध्याकाळी त्याचा शेजारी एमरी वॉकर याने छपाईवर व्याख्यान दिलं आणि पंधराव्या शतकातल्या पुस्तकांची अक्षरं स्लाइडवर मोठी करून दाखवली. मॉरिस तेव्हा चोपन्न वर्षांचा. त्याने ठरवलं, आता स्वतःचा टाइप करायचा.

पद्धत मजेशीर होती. व्हेनिसच्या निकोलस जेन्सनची १४७० च्या दशकातली छपाई फोटो काढून मोठी करायची, ती पुन्हा पुन्हा गिरवायची, हाताला वळण बसलं की मूळ बाजूला ठेवून स्वतःची अक्षरं काढायची. मग ती फोटोनेच लहान करून बघायची. मोठं अक्षर सुंदर दिसतं, पण खिळ्याच्या आकारात बिघडतं. आजही फॉन्ट बनवणाऱ्यांना हेच छळतं. पोलादी पंच कोरले एडवर्ड प्रिन्सने.

त्या काळच्या टाइपमध्ये बारीक रेघा फारच बारीक असायच्या, त्यामुळे पान करडं, फिकट दिसायचं. मॉरिसला पान काळंभोर हवं होतं. म्हणून १४ पॉइंटच्या गोल्डन टाइपमध्ये जाड-बारीक रेघांतला फरक त्याने कमी ठेवला. मग गॉथिक वळणाचा १८ पॉइंटचा ट्रॉय आणि त्याचंच १२ पॉइंटचं धाकटं रूप चॉसर. १८९१ मध्ये हॅमरस्मिथला केल्मस्कॉट प्रेस सुरू झाली, हातदाबाच्या यंत्रांवर.

इथे एक गोष्ट मला खटकते. मॉरिस पक्का समाजवादी, पण १८९६ च्या त्याच्या चॉसरच्या ग्रंथाची किंमत होती २० पौंड! कागदावरच्या प्रती फक्त ४२५. कामगाराच्या घरी ते पुस्तक कसं जाणार? सामान्यांपर्यंत ही धाटणी पोचवली ती नक्कल करणाऱ्यांनी. अमेरिकन टाइप फाउंडर्सने गोल्डनसारखाच 'जेन्सन' १८९३ मध्येच बाजारात आणला होता.

चॉसर छापून झाल्यावर काही महिन्यांतच, ३ ऑक्टोबर १८९६ ला मॉरिस गेला. गोल्डनची डिजिटल रूपं आज मिळतात. मी एकदा वापरून बघितलं: मोबाइलवर लहान मजकुराला फार जड होतं, शीर्षकाला मात्र झकास दिसतं.