नेव्हिल डिसोझा

मुलांनो, संध्याकाळ झाली आणि ऊन उतरले, की जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर खेळणाऱ्या मुलांची गर्दी होते. कोणी क्रिकेट खेळतो, कोणी फुटबॉल. फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला वाटते, गोल आपणच करावा. पण ऑलिंपिकच्या मैदानावर एकाच सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण, हे फार थोड्यांना माहीत असते. त्या खेळाडूचे नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यातील बारदेश तालुक्यात आसगाव येथे झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. शिक्षणासाठी व नोकरीसाठी गोव्यातील पुष्कळ कुटुंबे मुंबईला येत असत. नेव्हिल यांचे नावही मुंबईतच झाले. पावसाळ्यात मुंबईची मैदाने चिखलाने भरतात. अशा निसरड्या मैदानांवर तेथील फुटबॉल रंगत असे. चेंडूवर ताबा ठेवणे आणि संधी मिळताच गोल करणे, हे नेव्हिल यांचे वैशिष्ट्य होते. ते आघाडीचे खेळाडू होते.

आज मोठे फुटबॉलपटू केवळ खेळावर भरपूर पैसे मिळवतात. त्या काळी आपल्या देशात तसे नव्हते. कंपन्या, रेल्वे, पोलीस आणि सेनादले चांगल्या खेळाडूंना नोकरी देत आणि ते त्यांच्या संघातून खेळत. नेव्हिल प्रथम टाटांच्या संघातून आणि पुढे कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघातून खेळले. १९५४ साली मुंबईने संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला. १९५८ साली कॅलटेक्सने रोव्हर्स करंडक पटकावला. मुंबईच्या फुटबॉलचे ते सोनेरी दिवस होते.

नेव्हिल यांची खरी परीक्षा मात्र १९५६ साली मेलबर्न येथे झाली. तेथे काय घडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सविरुद्धचा तो सामना भारताने १-२ असा थोडक्यात गमावला. १९५२ साली हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने तर आपल्याला १०-१ असे हरवले. या पराभवाने सर्वांचे डोळे उघडले. बूट घालून खेळण्याची व शिस्तशीर सरावाची गरज पटली.

संघाला तयार करण्याची जबाबदारी हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर होती. रहीमसाहेब मूळचे शाळाशिक्षक. चेंडू एकट्याने पळवत नेण्यापेक्षा सोबत्याकडे देणे महत्त्वाचे, असे ते शिकवीत. ज्या पायाने चेंडू नीट मारता येत नाही, त्याच पायाने ते मुलांना खेळायला लावीत. मेलबर्नला गेलेल्या संघाचे कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी होते. पीटर थंगराज, नूर महंमद, अझीझुद्दीन, पी. के. बॅनर्जी, बलराम, किट्टू असे देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले खेळाडू संघात होते. त्यांच्या मातृभाषा वेगवेगळ्या, पण मैदानावर सर्वांची भाषा एकच होती.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. त्या देशाने माघार घेतली व भारत पुढे गेला. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. नवव्याच मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. पण नेव्हिल खचले नाहीत. पन्नासाव्या मिनिटाला त्यांनी तिसरा गोल केला. नंतर किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारताने सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये उपान्त्य फेरी गाठणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला.

उपान्त्य फेरीत समोर उभा होता तोच युगोस्लाव्हिया! मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला. चार वर्षांपूर्वी दहा गोल करून आपल्याला हरवणारा संघ आता मागे पडला होता. परंतु हा आनंद दोनच मिनिटे टिकला. युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, मग एकामागून एक गोल केले व सामना ४-१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. भारत चौथा आला. पदक हुकले.

तरीही नेव्हिल यांनी स्पर्धेत चार गोल केले होते. सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत त्यांचे नाव होते. उरलेले दोघे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाचे, म्हणजे पदके जिंकणाऱ्या संघांचे होते. रिकाम्या हाताने परतलेल्या संघातील नेव्हिल त्यांच्या बरोबरीने उभे होते.

१९६० च्या रोम ऑलिंपिक संघात नेव्हिल नव्हते. त्यानंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला पोहोचू शकलेला नाही. हळूहळू लोक त्या दिवसांना विसरत गेले. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी नेव्हिल यांचे निधन झाले.

मेलबर्नहून ते पदक घेऊन आले नाहीत. पण ज्या संघाने आपल्याला लाजिरवाणे हरवले, त्याच्यासमोर पुन्हा ताठ मानेने उभे राहता येते, हे त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिले. मैदानावर हरलेल्या प्रत्येक मुलाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

स्वाध्याय

१. १९५२ च्या पराभवानंतर कोणत्या गोष्टींची गरज पटली?
२. रहीमसाहेब खेळाडूंना काय शिकवीत?
३. पदक न मिळताही नेव्हिल यांची कामगिरी मोठी का ठरते? तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : डोळे उघडणे, ताठ मानेने उभे राहणे.