विजेचा भार मोजणारे कुलोम

थंडीच्या दिवसांत कोरड्या केसांतून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ धरला, तर कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटतात. कंगव्यावर विजेचा भार येतो म्हणून असं होतं. पण हा भार किती? दूध लिटरने मोजतात, ज्वारी किलोने. विजेचा भार ज्या मापाने मोजतात त्याला कुलोम म्हणतात. हे एका माणसाचं नाव आहे, बरं का!

शार्ल ओगुस्तँ द कुलोम यांचा जन्म १४ जून १७३६ रोजी फ्रान्समधील आंगुलेम गावी झाला. मुलाने डॉक्टर व्हावे अशी आईची इच्छा होती. शार्लला मात्र गणिताचं वेड! त्यावरून घरात एवढं बिनसलं, की आईने त्याचं नावच टाकलं. वडिलांनीही तोवर बराच पैसा घालवला होता. शार्ल पॅरिस सोडून माँपेल्ये गावी वडिलांकडे गेला. पुढे मेझिएर येथील सैनिकी शाळेत शिकून १७६१ साली तो इंजिनिअर झाला.

१७६४ साली सरकारने कुलोम यांना दूर समुद्रापार मार्टिनिक बेटावर किल्ला बांधायला धाडलं. तिथं ते आठ वर्षं राहिले. पुन्हा पुन्हा आजारी पडले आणि १७७२ साली परत आले ते खंगूनच. पण दगड, माती, भिंती, कमानी यांच्यावर किती जोर पडतो याची टिपणं त्यांनी तिथं केली होती. मायदेशी आल्यावर ती त्यांनी विज्ञान अकादमीपुढे वाचली. १७८१ साली घर्षणावरच्या निबंधाला बक्षीस मिळालं आणि ते अकादमीचे सभासद झाले. १७८३ साली ब्रिटनी प्रांतातल्या कालव्याच्या व बंदराच्या कामावरून त्यांच्यावर ठपका आला व आठवडाभर तुरुंगातही बसावं लागलं. म्हणून काही त्यांचं काम थांबलं नाही.

आता १७८५ सालचा त्यांचा तो प्रसिद्ध तराजू बघा. त्याला पारडी नाहीत, वजनं नाहीत. काचेच्या मोठ्या नळकांड्यात चांदीची फार बारीक तार वरून टांगलेली. तारेच्या खालच्या टोकाला एक हलकी आडवी काडी आणि काडीच्या टोकाला छोटीशी हलकी गोळी. तिच्याजवळ दुसरी तशीच गोळी पक्की बसवलेली. दोन्ही गोळ्यांना सारखाच विजेचा भार दिला, की त्या एकमेकींना दूर ढकलतात. काडी फिरते, तारेला पीळ पडतो. पीळ जेवढा जास्त, तेवढा रेटा जास्त. झालं माप!

पहिल्यांदा गोळी ३६ अंश दूर गेली. कुलोम यांनी वरचं बटण पिळून तिला निम्म्यावर, म्हणजे १८ अंशांवर आणली. त्यासाठी बटण १२६ अंश पिळावं लागलं. त्यात हे १८ मिळवा. तारेचा पीळ झाला १४४. म्हणजे ३६ च्या चौपट! अंतर निम्मं केलं की रेटा चौपट होतो. आणखी जवळजवळ निम्मं केलं तेव्हा पीळ ५७५ अंशांच्या वर गेला, म्हणजे सुमारे १६ पट. सगळा नियम या तीन मापांत दिसतो. किती साधं, आणि किती चिकाटीचं काम!

पुढे फ्रान्समध्ये क्रांती झाली. मीटर आणि किलोग्रॅम ठरवणाऱ्या समितीत कुलोम होते, पण १७९३ च्या डिसेंबरात त्यांना काढून टाकलं. ते ब्ल्वा गावाजवळच्या आपल्या घरी जाऊन राहिले. १७९५ साली पुन्हा पॅरिसला आले आणि २३ ऑगस्ट १८०६ रोजी तिथंच वारले. मापांच्या समितीतून ज्यांचं नाव खोडलं, त्यांचंच नाव १८८१ साली पॅरिसच्या वीज परिषदेत एका मापाला दिलं गेलं!

आता हे माप समजून घेऊ. एक अँपिअर वीज एक सेकंद वाहिली, की एक कुलोम भार जातो. एका कुलोममध्ये सुमारे ६२४ वर १६ शून्ये इतक्या इलेक्ट्रॉनांचा भार मावतो. कुलोमचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोकुलोम. आपल्या कंगव्यावर तर तेवढाही भार नसतो.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवर अँपिअर-तास छापलेले असतात. तासाचे सेकंद ३६००, म्हणून एक अँपिअर-तास म्हणजे ३६०० कुलोम. बॅटरी ८८ अँपिअर-तासांची असेल, तर ८८ गुणिले ३६००, म्हणजे ३ लाख १६ हजार ८०० कुलोम. आणि आकाशातून कडाडणाऱ्या विजेच्या एका लोळात? साधारण १५ ते २० कुलोम फक्त! पण तो भार डोळ्याचं पातं लवायच्या आत, प्रचंड दाबाने जमिनीवर येतो, म्हणून झाड फाटतं. पाऊस-विजांत झाडाखाली मुळीच उभे राहू नका.

मोबाइलच्या बॅटरीवर मिलिअँपिअर-तास असतात. हजार मिलिअँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर-तास. मग ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत किती कुलोम? वहीत करा आणि उद्या गुरुजींना दाखवा.