लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि परीक्षेचे गुण

दहावीचा निकाल लागला की बेळगाव-निपाणी भागात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, किती पडले? निपाणीच्या मुलाला ६२५ पैकी सांगावे लागतात, शेजारच्या कागलच्या मुलाला ५०० पैकी. मुलाला काय आवडले, काय येऊ लागले, हे विचारायला कोणाला सवड नसते. आमच्या रविवारच्या शाळांतही बक्षीस समारंभ जवळ आला की मुलांपेक्षा पालकच अधिक अस्वस्थ झालेले दिसतात. अशा वेळी याच जिल्ह्याच्या मातीत जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकांमुळे प्रसिद्धी पावलेले अण्णासाहेब किर्लोस्कर याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत वेदान्ताचे पंडित होते आणि मुलानेही तीच वाट धरावी अशी घरातून अपेक्षा होती. परंतु मुलाचे मन पोथीत रमेना आणि शाळेच्या पुस्तकांतही रमेना. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते, चित्रे काढणे आणि यंत्रांशी खटपट करणे. त्या काळच्या शाळेत या दोहोंनाही गुण नव्हते. वडिलांची नाराजी पत्करून, परंतु वडील बंधू रामूअण्णांच्या पाठिंब्याने, १८८५ साली हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

तेथे दोन वर्षे झाल्यावर असे आढळले की लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्याला याहून कठोर निकाल कोणता? पण हा निकाल आपल्या गुणपत्रिकेसारखा नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. शंभरापैकी तीस एवढेच कळले असते, तर त्या मुलाने स्वतःला मंद समजून गावची वाट धरली असती. त्याला कळले ते नेमके कळले. दोष डोळ्यांत, तोही रंगांपुरता. हात आणि रेषा शाबूत आहेत. त्याने रंग सोडले आणि यंत्रांच्या आकृत्या काढण्याचा अभ्यास चालू ठेवला. त्याच विद्येच्या जोरावर मुंबईत नव्यानेच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली.

शिक्षक झाल्यावर लक्ष्मणरावांचे खरे शिक्षण सुरू झाले असे म्हटले तरी चालेल. शिकवून उरलेल्या वेळात ते संस्थेच्या कारखान्यातील यंत्रे न्याहाळीत, ती हाताळीत. या अभ्यासाची परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. कामाचे मोल कामावरून ठरत नाही असे पाहून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान १८८८ सालीच निघाले होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, असा व्यवहार असे. सायकल चालवायला शिकवण्याचे १५ रुपये घेत, असे सांगतात. आता दुकानासोबत लहानसा कारखाना उभा राहिला. तेथे प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि मग लोखंडी नांगर.

या नांगराची हकीकत शिक्षकांनी अवश्य मुलांना सांगावी. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली! दोन वर्षांत सहा, म्हणजे बाजाराने दिलेला भोपळाच. अशा निकालाने पुष्कळ माणसे खचतात. लक्ष्मणराव शेतकऱ्यांकडे गेले, त्यांच्या तक्रारी त्यांनी ऐकल्या, नांगर सुधारला आणि पुन्हा दाखवला. खप किती हा आकडा त्यांना फारसे काही शिकवू शकत नव्हता. फाळ कुठे अडतो आणि बैलांना ओढायला कुठे जड जाते, हे शेतकरीच सांगू शकत होता.

शिक्षणशास्त्राचे संशोधकही पुढे अशाच गोष्टीपाशी आले. १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना त्यांच्या कामाविषयी केवळ चार शब्द लिहून दिले, आणि काहींना दोन्ही. ज्यांना केवळ शब्द मिळाले ती मुले पुढच्या कामात सुधारली आणि त्यांची गोडीही टिकली. ज्यांना गुण आणि शब्द दोन्ही मिळाले त्यांना त्या शब्दांचा फारसा उपयोग झाला नाही. गुणावर नजर गेली की शेरा कोण वाचतो? त्याआधी १९७३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील बालवाडीत असे दिसले होते की, चित्रे काढण्याची मुळातच हौस असलेल्या मुलांना आधी बक्षिसाचे आमिष दाखवले, तर बक्षीस मिळून गेल्यावर ती आपण होऊन पहिल्याइतकी चित्रे काढीत नाहीत. लहानग्या लक्ष्मणाला रेघोट्यांबद्दल रोज कोणी खाऊ दिला असता तर काय झाले असते, असा विचार आमच्या मनात येऊन गेला. हजेरीबद्दल तारे चिकटवणाऱ्या आमच्या शिक्षक-भगिनींनीही यावर विचार करावा.

आपल्या देशात यावर उपाय झाले नाहीत असे नाही. केंद्रीय मंडळाने २००९-१० पासून दहावीला गुणांऐवजी श्रेणी दिल्या आणि २०१७-१८ मध्ये गुणांची बोर्ड परीक्षा पुन्हा सक्तीची केली. ९१ चे नाव अ-१ ठेवल्याने घरातला प्रश्न बदलत नाही.

तथापि गुणांना नावे ठेवून मोकळे होणे आम्हांस योग्य वाटत नाही. लक्ष्मणरावांच्या पाठीशी रामूअण्णा होते, घराण्याचे नाव होते. तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळून घर चालवणाऱ्या आईच्या मुलीपाशी यातले काय असते? कोणाच्या ओळखीवाचून तिला कॉलेजचे दार उघडून देणारा कागद म्हणजे ती गुणपत्रिकाच. आमच्या मंडळ्यांतील किती कुटुंबे अशा कागदाच्या आधाराने वर आली, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. स्वतः लक्ष्मणरावांनाही पदवीचे वावडे नव्हते. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत यंत्रविद्या शिकून १९२६ साली पदवीधर झाले. दार उघडण्यापुरते गुण कामाचे आहेत. आत गेल्यावर मूल काय करील हे मात्र त्यांवरून सांगता येत नाही, आणि घोटाळा होतो तो तेथेच.

बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी जागा हवी झाली आणि चालता कारखाना हलवण्याची पाळी आली. तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या ओसाड माळावर मार्च १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात मागे उरले ते किर्लोस्कर रोड हे नाव.

वाडीवर आलेली पहिली माणसे पाहिली म्हणजे लक्ष्मणराव माणसाची पारख कशी करीत ते कळते. के. के. कुलकर्णी यांना शिक्षणात यश आले नव्हते. वाडीचा सारा कारभार त्यांच्या अंगावर होता आणि पडेल ते काम ते करीत. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली, पण नवनवीन यंत्ररचना त्यांच्या डोक्यातून निघत. शंभोराव जांभेकर ओतकामात आणि यंत्रे चालवण्यात निष्णात होते, मंगेशराव रेगे हिशेब चोख ठेवीत. ज्याला जे येई ते त्याच्याकडे सोपवलेले होते. पुढे महायुद्धाच्या काळात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. वाडीच्या आरंभीच्या दिवसांतली आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या उघड्या माळावर रात्रीच्या राखणीला माणसे हवी होती. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे तुरुंगवास भोगून आलेले होते. अशा माणसाच्या नावापुढे सरकारी दप्तरात कोणता शेरा असतो ते सर्वांना ठाऊक आहे. लक्ष्मणरावांनी साऱ्या वाडीची राखण त्या दोघांकडेच दिली.