तीन वर्षांसाठी आलेले सर



आपल्या शिक्षकांबद्दल या स्मरणिकेत पुष्कळजण लिहिणार आहेत, आणि ते माझ्यापेक्षा नक्कीच छान लिहितील. म्हणून मी एका दूरच्या शाळेतल्या सरांची गोष्ट सांगते. त्यांची ओळख मला झाली तीही माजी विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यामुळेच.

हा मेळावा भरला होता २६ सप्टेंबर १८५० रोजी, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड या गावी. सुमारे २०० माजी विद्यार्थी लांबलांबून आले होते. शाळेत तेव्हा शिकणारी मुलंही जवळपास तितकीच होती. हे सगळे कर्णबधिर. त्यांनी आपसात वर्गणी काढली होती आणि आपल्या दोन शिक्षकांना चांदीचे जग आणि तबकं भेट दिली. एक होते थॉमस गॅलॉडेट, ज्यांना ऐकू येत होतं. दुसरे लॉरां क्लेर, जे स्वतः कर्णबधिर होते. गॅलॉडेट यांचं नाव आज एका विद्यापीठाला आहे, त्यामुळे ते बऱ्याचजणांना माहीत असतं. ही गोष्ट आहे क्लेर सरांची.

लॉरांचा जन्म २६ डिसेंबर १७८५चा. आग्नेय फ्रान्समधलं ला बाल्म हे त्याचं गाव. वडील तिथले प्रतिष्ठित गृहस्थ, सरकारी दस्तऐवजांचं काम बघायचे आणि गावचे प्रमुखही होते. लॉरां जेमतेम वर्षाचा असताना खुर्चीवरून स्वयंपाकघरातल्या आगीत पडला. उजवा गाल भाजला, त्याचा व्रण जन्मभर राहिला. त्याला ऐकू येत नाही आणि वासही येत नाही हे नंतर लक्षात आलं. घरच्यांनी त्याचा संबंध त्या अपघाताशी जोडला. तो जन्मापासूनच तसा होता की काय, हे त्याला स्वतःलाही कधी खात्रीने सांगता आलं नाही.

मूल ऐकत नाही म्हटल्यावर कुठलेही आईवडील जे करतील तेच त्यांनी केलं. तो सातएक वर्षांचा असताना आई त्याला घेऊन लिऑं शहरातल्या एका डॉक्टरकडे गेली. त्याने पंधरा दिवस, दिवसातून दोन वेळा, कानात कसलंसं औषध सोडलं. उपयोग काही झाला नाही. मग बाराव्या वर्षापर्यंत मुलगा घरीच. गुरं बघायची, गावात हिंडायचं, घरच्यांशी चार खुणांनी बोलायचं. अक्षरओळख नाही. प्रेम होतं, पण त्याच्याशी पूर्ण बोलू शकेल असं माणूस आसपास एकही नव्हतं.

१७९७ मध्ये काकांनी त्याला पॅरिसच्या शाळेत घातलं. ही शाळा आबे द लेपे या धर्मगुरूंनी १७६० च्या सुमारास सुरू केलेली. कर्णबधिर माणसं आपसात खुणांनी बोलतात, तर त्याच खुणांमधून त्यांना लिहिणं-वाचणं शिकवता येईल, हा त्यांचा साधा आणि त्या काळी धाडसी विचार. लॉरां पोचला तेव्हा लेपे हयात नव्हते आणि शाळा आबे सिकार चालवत होते. पण लॉरांला घडवलं ते झां मास्यू या तरुण शिक्षकाने. मास्यू कर्णबधिर होते. त्यांना धरून सहाही भावंडं कर्णबधिर. आयुष्यात पहिल्यांदाच लॉरांने आपल्यासारखाच एक मोठा माणूस पाहिला, जो शिकलेला होता, शिकवत होता आणि ज्याला मान होता.

त्याच शाळेत त्याला बोलायला शिकवायचाही प्रयत्न झाला. एका शिक्षकाला ‘द’ आणि ‘त’ यांतला फरक त्याच्या तोंडून काढून घ्यायचा होता. तो काही जमेना. चिडलेल्या शिक्षकाने हनुवटीखाली असा फटका दिला की लॉरांची जीभ दातांखाली आली. त्यानंतर आपण बोलायला शिकणार नाही, असं त्याने ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. अभ्यासात मात्र तो इतका पुढे गेला की वयाच्या विशीतच त्याच शाळेत शिक्षक झाला आणि पुढे वरच्या वर्गाला शिकवू लागला. खुणांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक नावाची खूण असते. क्लेर यांची खूण होती गालावरून दोन बोटं फिरवणं. जो व्रण दुसऱ्या कुणी लपवला असता, तोच त्यांचं नाव झाला.

आता गोष्ट अमेरिकेत जाते. हार्टफर्डमध्ये मेसन कॉग्जवेल नावाचे डॉक्टर होते. त्यांची मुलगी ॲलिस लहानपणी तापात बहिरी झाली. शेजारच्या घरातला तरुण गॅलॉडेट तिला जमिनीवर अक्षरं काढून शब्द शिकवू लागला. अमेरिकेत तेव्हा कर्णबधिरांची कायमची शाळा नव्हती. कॉग्जवेल यांच्या पुढाकाराने राज्यात मोजणी झाली तेव्हा ८४ कर्णबधिर माणसं सापडली. ही ८४ माणसं गावोगाव विखुरलेली, एकमेकांना ठाऊकही नसलेली. शाळा काढायचं ठरलं आणि पद्धत शिकून यायला १८१५ मध्ये गॅलॉडेटना युरोपात धाडलं गेलं.

इंग्लंडमधल्या शाळा ज्या कुटुंबाच्या हातात होत्या, त्यांनी आपली पद्धत गुप्त ठेवलेली. शिकवायला ते तयार होते, पण नाना अटी घालून. त्याच सुमारास सिकार, मास्यू आणि क्लेर लंडनमध्ये जाहीर प्रात्यक्षिकं देत होते. प्रेक्षकांनी प्रश्न विचारायचे आणि या दोघांनी ते फळ्यावर लिहून सोडवायचे. गॅलॉडेट तिथे त्यांना भेटले. पुढे पॅरिसला येऊन काही महिने शिकले, आणि परत निघताना क्लेर यांनाच बरोबर चला म्हणाले.

क्लेर तेव्हा तिशीत होते. नोकरी चांगली, शहर आवडतं, इंग्रजी येत नाही. सिकार सोडायला नाखूष, आई तर अजिबात तयार नव्हती. तरी करार झाला, तीन वर्षांचा. १८ जून १८१६ रोजी जहाज फ्रान्सहून निघालं आणि ९ ऑगस्टला न्यूयॉर्कला लागलं. या ५२ दिवसांत दोघांनी एकमेकांची शिकवणी घेतली. क्लेर खुणांची भाषा शिकवायचे, गॅलॉडेट इंग्रजी. क्लेर यांनी या प्रवासाची रोजनिशी लिहिली तीही इंग्रजीत, सराव म्हणून.

पुढचे काही महिने निधी जमवण्यात गेले. क्लेर गावोगावच्या सभांमध्ये उभे राहायचे, लोकांच्या प्रश्नांना लिहून उत्तरं द्यायचे. मुका-बहिरा माणूस शिकू शकतो हे पटवायला वेगळा पुरावा लागत नसे, पुरावा समोर उभा असे. कनेक्टिकटच्या विधिमंडळाने ५,००० डॉलर दिले. १५ एप्रिल १८१७ रोजी भाड्याच्या जागेत शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी सात विद्यार्थी, त्यांत ॲलिस. त्या सातांत जॉन ब्रूस्टर नावाचे चित्रकारही होते. त्यांचं वय पन्नाशीचं. शिकायला उशीर झाला असं त्यांनाही वाटलं नाही आणि शाळेलाही.

१८१८ मध्ये क्लेर वॉशिंग्टनला गेले आणि अमेरिकी काँग्रेसच्या सभागृहात अध्यक्षांच्या शेजारी त्यांना बसवलं गेलं. पुढच्या वर्षी काँग्रेसने शाळेला अलाबामातली २३,००० एकर जमीन दिली. तिच्या विक्रीतून शाळेचा पाया पक्का झाला.

शाळेत येणारी मुलं आपापल्या घरच्या, गावच्या खुणा घेऊन यायची. मार्थाज व्हिनयार्ड नावाचं एक बेट होतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या इतके कर्णबधिर जन्मत की ऐकू येणारे शेजारीसुद्धा खुणांनी बोलत. तिथलीही मुलं पुढे हार्टफर्डला आली. क्लेर यांनी आणलेल्या फ्रेंच खुणा आणि मुलांच्या खुणा वसतिगृहात एकत्र झाल्या आणि त्यांतून आजची अमेरिकी खुणांची भाषा घडली. ती कुणी एकाने बसून तयार केली नाही. एकटी पडलेली मुलं एका छताखाली आली, एवढं पुरेसं झालं.

१८१९ मध्ये क्लेर यांनी इलायझा बोर्डमन या शाळेतल्याच कर्णबधिर मुलीशी लग्न केलं. मुलं बहिरी निपजतील या भीतीने गॅलॉडेट यांचा या लग्नाला विरोध होता. क्लेर यांनी ऐकलं नाही. त्यांना सहा मुलं झाली आणि सगळ्यांना ऐकू येत होतं. गंमत म्हणजे दोनच वर्षांत गॅलॉडेट यांनीही शाळेतल्याच एका कर्णबधिर मुलीशी लग्न केलं!

तीन वर्षांचा करार ४१ वर्षं चालला. दुसऱ्या राज्यांत शाळा निघाल्या तेव्हा तिथले शिक्षक हार्टफर्डला येऊन शिकून गेले. क्लेर यांचे विद्यार्थीही शिक्षक झाले. १८५० च्या मेळाव्यात जमलेल्यांना पुन्हा पांगावंसं वाटेना. त्यांतून १८५४ मध्ये न्यू इंग्लंडमधल्या कर्णबधिरांची संघटना उभी राहिली, जिचे पदाधिकारी स्वतः कर्णबधिर होते. क्लेर १८५८ मध्ये निवृत्त झाले. १८६४ मध्ये वॉशिंग्टनला कर्णबधिरांचं महाविद्यालय सुरू झालं, त्या समारंभाला ७८ वर्षांचे क्लेर हजर होते. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्डलाच ते गेले.

त्यानंतरचं थोडं सांगायला हवं, कारण केलेलं काम किती सहज पुसलं जातं ते त्यातून कळतं. १८८० मध्ये मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथे ठराव झाला की यापुढे शाळांमध्ये खुणा नकोत, फक्त बोलायला शिकवायचं. १६४ प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर एकच होता. अनेक देशांत कर्णबधिर शिक्षकांना घरी बसावं लागलं, मुलांना हात वापरले म्हणून शिक्षा झाल्या. म्हणजे क्लेर यांच्या हनुवटीखाली बसलेला तो फटकाच पुन्हा अभ्यासक्रमात आला. खुणांची भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवलं. मिलानचे ठराव नाकारून खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं. आपल्याकडे भारतीय खुणांच्या भाषेसाठी दिल्लीत केंद्र सरकारची संस्था २०१५ मध्ये झाली, आणि ३,००० शब्दांचा तिचा पहिला शब्दकोश २०१८ मध्ये आला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे यंत्राविरुद्ध बोलणाऱ्यांतली मी नाही. श्रवणयंत्रं, कॉक्लिअर इम्प्लांट, मीटिंगमध्ये आपोआप उमटणारी अक्षरं, या सगळ्यांनी लाखो लोकांचं आयुष्य सोपं केलं आहे. पण माझ्या टीममधल्या एका कर्णबधिर सहकाऱ्याकडे बघून मला एक कळलं. चारजण एकदम बोलायला लागले की पडद्यावरच्या अक्षरांची खिचडी होते आणि तो बाजूला पडतो. एका वेळी एकानेच बोलायचं, हा नियम आम्ही केला, काहीजण थोड्या खुणा शिकलो, आणि त्यानंतर तो जेवायला आमच्यात बसू लागला. दोन मशीन एकमेकांशी बोलायची तर दोघांनीही समान नियम पाळावे लागतात, सगळं ओझं एकीवर टाकून चालत नाही. माणसांचंही तसंच असावं. क्लेर यांच्या आईने त्यांना डॉक्टरकडे नेलं ते मायेनेच. पण त्यांचं एकटेपण संपलं ते मास्यूंच्या वर्गात, जिथे त्यांना कुणी दुरुस्त करायला बसलं नव्हतं.

हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं मात्र समजू नका. आपण पंचेचाळिशीत आलो. आपले आईवडील आणि बरेचसे सर-बाई पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. कमी ऐकू यायला लागलं की माणूस प्रथम कानाच्या डॉक्टरकडे जात नाही, तो समारंभांना जाणं टाळतो. घरातले सगळे हसतात, कशाला हसले ते त्यांना कुणी सांगत नाही, आणि हळूहळू ते आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसायला लागतात. कान तपासून घ्या, यंत्र लागलं तर जरूर घ्या. पण बोलताना समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, ओरडू नका, सावकाश बोला, आणि नंतर सांगते असं म्हणून विनोद राखून ठेवू नका.

मेळाव्याच्या संयोजकांना मी विनंती केली होती आणि त्यांनी ती लगेच मान्य केली. सभागृहामागची खोली स्पीकरपासून दूर ठेवली आहे. तिथे गाणी नाहीत, दिवे चांगले आहेत आणि खुर्च्या गोलाकार मांडल्या आहेत. आपले ज्येष्ठ सर आणि बाई तिथे बसतील. डीजेच्या तालावर नाचून झालं की प्रत्येकाने तिथे एक चक्कर मारा, समोरची खुर्ची ओढून बसा आणि आपण कोण ते नीट सांगा. त्यांनी आपल्याला मोठ्या आवाजात पाढे शिकवले. आता सावकाश बोलायची पाळी आपली.